एका ओळीचा ठराव

मित्रहो, मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रतिनिधित्व या कल्पनेबद्दल बोललो. ते बरंचसं वरवरच्या हवेतलं होतं, अशी तक्रार काही श्रोत्यांनी केली, आणि ती रास्त आहे. म्हणून आज आम्ही थेट पक्षाच्या कचेरीत शिरणार आहोत.

निवडणूक आटोपली की विधिमंडळ पक्षाची बैठक भरते. दिल्लीहून निरीक्षक आलेले असतात. ते एकेका आमदाराला आत बोलावतात, त्याचं म्हणणं ऐकतात, वहीत काहीतरी टिपून घेतात. मग सगळे सभागृहात जमतात आणि एका ओळीचा ठराव मांडला जातो: नेता निवडण्याचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत. सूचक, अनुमोदक, टाळ्या. बाहेर पत्रकार उभेच असतात. त्यांना सांगितलं जातं की ठराव एकमतानं झाला. आणि ते खोटंही नसतं. निर्णय स्वतः घ्यायचा नाही, यावर खरोखरच एकमत झालेलं असतं.

या एका ओळीत काय मावतं आणि काय मावत नाही, हा आजचा विषय. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे झोप येणाऱ्यांची सोय होईल. दिल्ली निर्णय घेते, याला आमचा आक्षेप नाही. राष्ट्रीय पक्ष म्हटला की कुणीतरी सगळा देश डोळ्यांपुढे ठेवून ठरवणार, हे ओघानंच आलं. दिल्ली कारण देत नाही, हा आमचा आक्षेप आहे. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही झाली प्रतिज्ञा. का, तर धूर दिसतो, हा हेतू. हेतू दिला की समोरचा म्हणू शकतो, ‘अहो, तो धूर नाही, धुकं आहे.’ हेतूच दिला नाही, तर समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. मग तो ऐकतो तरी किंवा पक्ष सोडतो तरी.

आता महाराष्ट्राकडे वळू. दिल्ली आणि प्रदेश यांच्यातलं सगळ्यांत मोठं भांडण आपल्याकडे झालं ते संयुक्त महाराष्ट्राचं. त्या वेळची दिल्ली आजच्यापेक्षा सौम्य होती, अशी गोड समजूत करून घेऊ नका. शंभरावर माणसं त्यात गेली. पण भांडण कसं झालं ते पाहा. मुंबई महाराष्ट्राला का द्यायची नाही, याची कारणं नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणी उघडपणे मांडत होती. ती आपल्याला पटण्याजोगी नव्हती, हा भाग वेगळा. शंकरराव देव, काकासाहेब गाडगीळ, भाऊसाहेब हिरे दिल्लीला खेपा घालत होते, वाद घालत होते. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडलं, ते का सोडलं हे लोकसभेत सांगून सोडलं. द्वैभाषिक मुंबई राज्याचा नेता निवडायची वेळ आली तेव्हा, एकमत नसेल तर आपण उभे राहणार नाही, अशी भूमिका मोरारजींनी घेतली. मग यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे यांच्यात मतदान झालं आणि यशवंतराव निवडून आले. मतदान झालं, मित्रहो. आमदारांनी चिठ्ठ्या टाकल्या. आजच्या निरीक्षकांना हे सांगितलं तर त्यांना घाम फुटेल.

यशवंतरावांवर तेव्हा महाराष्ट्रात फार टीका झाली. नेहरूंना त्यांनी महाराष्ट्रापेक्षा मोठं मानलं, हा राग लोकांच्या मनातून बरीच वर्षं गेला नाही. पण १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीनं काँग्रेसला झोपवलं. खुद्द यशवंतराव कराडमधून जेमतेम निसटले. त्यानंतर त्यांनी दिल्लीशी जो संवाद केला, त्यात ‘तुम्ही दिलेलं कारण इथे टिकलं नाही’ हे सांगायला त्यांच्या हातात पुरावा होता. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समितीची माणसं उभी होती, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १ मे १९६० ला राज्य झालं. दिल्लीनं कारण दिलं होतं, म्हणून ते खोडता आलं. आमच्या मते यशवंतरावांचं खरं यश हे, आणि मंगलकलशाच्या चित्रात ते दिसत नाही.

यानंतर आम्ही वीस वर्षं ओलांडतो. १९६९ ची फूट, आणीबाणी, पुलोद, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत महाराष्ट्राला मुख्यमंत्री किती झाले, ते मोजा. अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, शरद पवार. सहा. त्याआधी एकटे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. १९८२ च्या जानेवारीत अंतुले गेले आणि बाबासाहेब भोसले आले. ते का आले हे कुणालाच कळेना. तेव्हा लोकांनी आपलं कारण तयार केलं: दिल्लीला दुसरेच कुणी भोसले हवे होते, नावात घोटाळा झाला! हा विनोद आजही सांगितला जातो. विनोद खरा की खोटा, याला महत्त्व नाही. कारण दिलं नाही की अफवा कारण होऊन बसते, एवढं त्यातून कळतं. बाबासाहेब स्वतः मोठे हजरजबाबी गृहस्थ. पण एका माणसाच्या कारकिर्दीवर असा विनोद कायमचा चिकटावा, हा त्यांच्यावर अन्यायच होता.

शेजारच्या आंध्रात काय झालं? १९८२ च्या फेब्रुवारीत हैदराबादच्या विमानतळावर मुख्यमंत्री अंजय्यांचा सगळ्यांदेखत पाणउतारा झाला. पुढच्याच महिन्यात रामारावांनी तेलुगू देसम काढला, आणि जानेवारी १९८३ मध्ये राज्य त्यांच्या हातात. महाराष्ट्रात तसं का झालं नाही, हा प्रश्न विद्यार्थी आम्हाला नेहमी विचारत. आमचा अंदाज असा. इथल्या पुढाऱ्याचं पोट विधानसभेवर अवलंबून नव्हतं. त्याचा साखर कारखाना होता, जिल्हा बँक होती, शिक्षणसंस्था होती. दिल्लीनं मंत्रिपद काढून घेतलं तरी तो आपल्या तालुक्यात राजाच असे. म्हणून तो अपमान गिळत असे आणि वाट पाहत असे. याला काही लोक संयम म्हणतात. आम्ही जरा कडू शब्द वापरू, पण आज नको.

वसंतदादांनी मात्र गिळला नाही. मार्च १९८५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसनं विधानसभा जिंकली. त्यानंतर प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची नेमणूक झाली. मुख्यमंत्र्यांना विश्वासात न घेता झाली, ही दादांची तक्रार. जूनच्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला. बहुमत पाठीशी होतं, कुणी बंड केलं नव्हतं, न्यायालयाचा निकाल अंगावर आलेला नव्हता. फक्त ‘मला विचारलं नाही’ एवढ्यासाठी मुख्यमंत्रिपद सोडणारा माणूस आपल्या इतिहासात शोधावा लागतो. दिल्लीतल्या तरुण सल्लागारांना तेव्हा वाटलं असावं की हा जुन्या वळणाचा, फारसा न शिकलेला म्हातारा रुसला आहे. सांगलीचा तुरुंग फोडून निघालेला माणूस रुसून बसत नाही, हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं. त्याच सुमारास मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट घातला जातो आहे, असं दादांचं विधान गाजलं, आणि मुंबई महापालिका शिवसेनेनं जिंकली. नुसत्या एका विधानानं निवडणूक फिरली, असं आम्ही म्हणणार नाही. पण त्या विधानाचा उपयोग कुणाला झाला, हे सगळ्यांनी पाहिलं.

आणखी एक योगायोग आहे. १९८५ सालीच पक्षांतरबंदी कायदा आला. आमदार विकत घेण्याला आळा बसावा, हा हेतू चांगलाच. पण त्यानं पक्षाच्या मुख्यालयाच्या हातात चाबूक दिला. उमेदवारीच्या वेळी एबी फॉर्म आणि निवडून आल्यावर व्हीप, अशा दोन्ही टोकांना दोरी बांधली गेली. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. पण मग ‘राजकीय पक्ष’ म्हणजे नेमकं कोण? ज्याच्या सहीचा फॉर्म चालतो तो? या प्रश्नावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल.

आता अगदी अलीकडचं, आणि पुन्हा सांगलीचंच. सांगली लोकसभा मतदारसंघ १९६२ पासून २०१४ पर्यंत काँग्रेसकडे. २०१४ ला भाजपचे संजयकाका पाटील जिंकले. २०१९ मध्ये काँग्रेसनं ही जागा मित्रपक्षाला, स्वाभिमानीला सोडली. दादांचे नातू विशाल पाटील स्वाभिमानीच्या चिन्हावर लढले आणि पडले. २०२४ ला ते काँग्रेसच्या उमेदवारीची वाट पाहत होते. तेव्हा कोल्हापूर काँग्रेसला मिळालं आणि त्या बदल्यात शिवसेनेनं, म्हणजे ठाकरे गटानं, सांगली घेतली. उमेदवार चंद्रहार पाटील, दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले पैलवान. वाटाघाटीच्या टेबलावर हा हिशोब अगदी चोख दिसतो. एक जागा दिली, एक घेतली. मराठा उमेदवार, नावाजलेला चेहरा, तरुण. आमदार विश्वजित कदम आणि जिल्ह्यातले काँग्रेसवाले मुंबईला गेले, दिल्लीला गेले. उत्तर एकच: आघाडीचा धर्म.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे लाखभर मतांनी निवडून आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. निकालानंतर विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं, आणि ज्यांनी उमेदवारी नाकारली त्यांनी ते हसत स्वीकारलं. फोटो आहेत.

या निकालावर दोन प्रकारे बोललं जातं, आणि आम्हाला दोन्ही अपुरे वाटतात. पहिला प्रकार म्हणजे, ‘बघा, स्थानिकांनाच कळतं, दिल्लीला काही कळत नाही.’ रणनीतीकार यावर सहज उत्तर देईल. याच जागावाटपावर महाविकास आघाडीनं ४८ पैकी ३० जागा जिंकल्या. काँग्रेसनं सतरा लढवून तेरा आणल्या. एका सांगलीसाठी सगळा पट उधळायचा होता का? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आणि सांगलीची गोष्ट जूनमध्ये संपत नाही. नोव्हेंबरच्या विधानसभेत सांगली शहराच्या जागेवर काँग्रेसचे अधिकृत उमेदवार पृथ्वीराज पाटील होते, आणि दादांच्याच घरातल्या जयश्रीताई पाटील अपक्ष उभ्या राहिल्या. मतं फुटली, भाजपचे सुधीर गाडगीळ पुन्हा आले. मे महिन्यात जे स्थानिक शहाणपण होतं, तेच नोव्हेंबरात घरातलं भांडण ठरलं. तेव्हा स्थानिक म्हणून शहाणं, हे समीकरण आम्हाला मान्य नाही.

दुसरा प्रकार म्हणजे, ‘हा सगळा घराणेशाहीचा खेळ, वाईट कशाला वाटून घ्यायचं?’ यातही तथ्य आहे. पण जतच्या दुष्काळी पट्ट्यातला किंवा पलूस-कडेगावचा जो कार्यकर्ता चाळीस वर्षं हाताचं चिन्ह भिंतीवर रंगवत आला, तो कुठल्या घराण्याचा? त्याला दोन निवडणुका सलग सांगितलं गेलं की तुझं चिन्ह यंदा मतपत्रिकेवर नाही. का नाही, हे नीट बसून कुणी सांगितलं नाही. सर्वेक्षण करणारा मुलगा टॅब घेऊन दारात येतो आणि विचारतो, मत कोणाला द्याल? अनोळखी माणसाला माणूस जे उत्तर देतो ते तो देतो. ‘तुमचा अपमान झाला तर तुम्ही काय कराल?’ हा रकाना त्या टॅबमध्ये नसतो. गावात मात्र तो प्रत्येकाला तोंडपाठ असतो. कोण कुणाच्या मयताला आलं नाही, पाण्याच्या पाळीवरून कोण कुणाशी बोलत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अपमानाचं गणित येतं. जिंकून येण्याची क्षमता म्हणून जे मोजलं जातं, त्यात हे येत नाही.

हे फक्त काँग्रेसचं दुखणं आहे, असं समजून समोरच्या बाकावरची काही मंडळी खूश दिसताहेत. थांबा. मुंबई अध्यक्षाच्या नेमणुकीवरून २००८ मध्ये गोपीनाथ मुंडेंनी पक्षातली पदं सोडत असल्याचं जाहीर केलं होतं, मग समजूत निघाली. ३० जून २०२२ ला देवेंद्र फडणवीसांनी पत्रकारांसमोर सांगितलं की आपण सरकारबाहेर राहू. काही तासांत राष्ट्रीय अध्यक्षांनी दूरचित्रवाणीवरून सांगितलं की त्यांनी उपमुख्यमंत्री व्हावं. झाले. शिस्त म्हणून कौतुक झालं. पण दुपारच्या आणि संध्याकाळच्या निर्णयांमध्ये कोणतं कारण बदललं, ते महाराष्ट्राला आजही कुणी सांगितलेलं नाही. आणि प्रादेशिक पक्षांना श्रेष्ठी नसतात, असंही नाही. तिथे दिल्लीचा पत्ता बारामती किंवा वांद्रे असा असतो, इतकंच. २००४ ला राष्ट्रवादीचे ७१ आणि काँग्रेसचे ६९ आमदार असूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसला गेलं, ही खंत राष्ट्रवादीतल्या माणसांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली.

व्यावसायिक रणनीतीकारांबद्दल थोडक्यात. त्यांना शिव्या घालण्याची फॅशन आहे, ती आम्हाला आवडत नाही. आकडे वाचता येणं हे कौशल्य आहे. २०२१ ला बंगालमध्ये अशा संस्थेची मदत घेऊन तृणमूल जिंकली. तिथेही जुन्या आमदारांनी त्यांच्या ढवळाढवळीबद्दल जाहीर कुरकुर केलीच. २०१७ ला उत्तर प्रदेशात तशाच मदतीनं काँग्रेसला ४०३ पैकी सात जागा मिळाल्या. संस्था दोन्ही वेळा पुढच्या कामाला निघून गेली. कार्यकर्ता मात्र दोन्ही वेळा त्याच गल्लीत राहिला. चुकीची किंमत जो मोजत नाही, त्याच्याकडून निदान कारण तरी लेखी घ्यावं, असं म्हणणं फार मोठं आहे का?

आता आमच्याच म्हणण्यावरचा सगळ्यांत अवघड आक्षेप. महाराष्ट्राला एक मुसलमान मुख्यमंत्री मिळाला आणि एक दलित मुख्यमंत्री मिळाला. अंतुले आणि सुशीलकुमार शिंदे. दोघेही दिल्लीच्या इच्छेनं आले. जिल्हा बँका आणि कारखाने ज्यांच्या हातात होते, त्यांच्या चिठ्ठ्यांतून ही नावं निघाली असती का? आम्हाला नाही वाटत. निराधारांसाठीची योजना अंतुल्यांच्या काळात आली, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही. म्हणजे दिल्लीचा हस्तक्षेप कधी कधी प्रदेशातल्या मोजक्या घरांची मक्तेदारी फोडतो. हे मान्य. पण दिल्लीनं तेव्हाही ‘आम्ही ही मक्तेदारी फोडतो आहोत’ असं उघड सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते एक तत्त्व झालं असतं, आणि तत्त्व पुढच्या वेळीही पाळावं लागलं असतं. २००४ ला सुशीलकुमारांच्या नेतृत्वाखाली आघाडीनं सत्ता राखली आणि निकालानंतर त्यांनाच बाजूला करण्यात आलं. का? पुन्हा तीच एक ओळ.

कांटनं १७९५ च्या ‘शाश्वत शांतता’ या निबंधाच्या पुरवणीत एक कसोटी दिली आहे. दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेली कृती जर तिचं सूत्र जाहीर केल्यावर टिकत नसेल, तर ती कृती अन्याय्य. यावर कुणी म्हणेल, साहेब, डावपेच जाहीर करून कुणी लढाई करतो का? बरोबर. उमेदवारी देताना नका सांगू. निकालानंतर सांगा. लढाई संपल्यावर डाव लपवायचं कारण काय? तरीही सांगितलं जात नाही, याचा अर्थ लपवाछपवी विरोधकापासून नाही, आपल्याच माणसांपासून आहे.

एक चिठ्ठी आली आहे: मग पक्षांतर्गत मतदान घ्यावं का? २०१४ ला काँग्रेसनं मोजक्या मतदारसंघांत तो प्रयोग केला होता, आपल्याकडे वर्धा आणि लातूरमध्ये. वर्ध्यात विद्यमान खासदारांचे चिरंजीवच निवडून आले, आणि दोन्ही जागा पक्षानं गमावल्या. सदस्यनोंदणीची वही ज्याच्या घरात, त्याचाच उमेदवार, असा तो प्रकार होतो. म्हणून आम्ही मतदानाचा आग्रह आधी धरत नाही. आमची मागणी त्याहून लहान आहे. प्रत्येक एबी फॉर्मसोबत पक्षानं अर्धं पान कारण लिहून ठेवावं, मराठीत, सहीनिशी, आणि निकालानंतर महिनाभरात ते जिल्हा समितीपुढे वाचावं.

दुसरी चिठ्ठी: १९८५ ला कारण दिलं असतं तर दादा थांबले असते का? कदाचित नसते थांबले. त्याच वर्षी त्यांना राज्यपाल म्हणून राजस्थानात पाठवलं गेलं. पण या गोष्टीत आणखी एका व्यक्तीवर अन्याय झाला, आणि तिचं नाव या वादात नेहमी नुसतं निमित्त म्हणून घेतलं जातं. प्रभाताई राव विदर्भातल्या होत्या, राज्यात मंत्री राहिलेल्या होत्या, कर्तबगार होत्या. प्रदेशाध्यक्षपदासाठी त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. ती दिल्लीनं एकदाही मांडली नाहीत, म्हणून प्रदेश काँग्रेसच्या इतिहासात त्या ‘दिल्लीनं पाठवलेल्या’ एवढ्याच उरल्या.